इन, ऑन का ॲट? मराठीतला 'वर' आणि 'मध्ये' बाजूला ठेवून प्रिपोझिशन कशी निवडायची

फोनवर कुणी "कुठंयस?" विचारलं की आपण पटकन सांगतो, स्टँडवर थांबलोय, शेतात आहे, घरी आहे, औसा रोडला आहे, आणि ह्यात कुठं 'वर' लावायचं, कुठं 'त', कुठं 'ला', ह्याचा कुणीच विचार करत नाही कारण ते जिभेवरच असतंय. पण हेच इंग्रजीत लिहायची वेळ आली की 'स्टँडवर' मधला 'वर' धरून पोरं 'ऑन द बस स्टँड' लिहितेत आणि मार्क जातो. तिथं पाहिजे 'ॲट द बस स्टँड'. 'ऑन' म्हणलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं स्टँडच्या छतावर उभा असलेला माणूस येतो.

मी तलाठी, बँक, स्टाफ सिलेक्शन असल्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींना इंग्रजी शिकवतो. अभ्यासिकेत दिवसदिवस बसणारी ही लेकरं हुशार आहेत, टेन्स पाठ असतात, शब्दांच्या वह्या भरलेल्या असतात, तरीपण दोन-दोन अक्षरांच्या ह्या शब्दांवर येऊन अडकतात, कारण लहानपणी कधीतरी 'मध्ये म्हणजे इन, वर म्हणजे ऑन' असं डोक्यात बसलेलं असतं आणि ते निघतच नाही. त्यामुळं हा लेख थोडा लांब होणार आहे. वही-पेन घेऊन बसा आणि एका बैठकीत पूर्ण नाही झाला तरी चालेल, पण पहिल्या दोन पायऱ्या सोडून पुढं जाऊ नका, कारण बाकी सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

पायरी 1: मराठी प्रत्यय बघून शब्द निवडायचा नाही

वहीत एक कोरं पान घ्या आणि वर फक्त 'वर' एवढं लिहा. आता त्याखाली वाक्यं लिहीत जा. टेबलवर पुस्तक आहे, तिथं 'ऑन'. स्टेशनवर भेटू, तिथं 'ॲट'. डोक्यावर पंखा फिरतोय, तिथं 'अबव्ह' किंवा 'ओव्हर'. झाडावर पोपट बसलाय, तिथं चक्क 'इन', 'देअर इज अ पॅरट इन द ट्री', कारण पोपट फांद्या-पानांच्या आत असतो, पण आंबे मात्र 'ऑन द ट्री', कारण ते झाडालाच लागलेले असतात. एकच मराठी 'वर' आणि इंग्रजीत चार वेगळे शब्द झाले. उलटंही होतं. घरी, शाळेत, स्टँडवर, दारात, सिग्नलला, ह्या पाच ठिकाणी मराठीत वेगवेगळं काहीतरी लागतं आणि इंग्रजीत पाचही ठिकाणी 'ॲट' चालतं: ॲट होम, ॲट स्कूल, ॲट द स्टँड, ॲट द डोअर, ॲट द सिग्नल.

असंच एकेक पान 'मध्ये', 'समोर', 'खाली', 'पासून' आणि 'पर्यंत' ह्यांचं करा. आज ती पानं रिकामी राहिली तरी चालतील, लेख वाचत जाल तशी भरत जातील. ही पानं झाली की एक गोष्ट कायमची पटते, की मराठी प्रत्यय इंग्रजी शब्द कधीच सांगत नाही, त्या जागेचं चित्र डोळ्यापुढं आणावं लागतं.

पायरी 2: जागेला तीन प्रश्न विचारायचे

वाक्यात जागा आली की स्वतःला विचारा, बोलणारा ह्या जागेकडं कसं बघतोय? नुसतं एक ठिकाण म्हणून बघत असेल, नकाशावर बोट ठेवून 'हे बघ, इथं' म्हणल्यासारखं, तर 'ॲट'. जागा म्हणजे पृष्ठभाग किंवा रेघ आहे आणि तिला काहीतरी टेकलंय, चिकटलंय, लटकलंय, तर 'ऑन'. आणि जागेला हद्द आहे, आत आणि बाहेर असं काहीतरी आहे, आणि आपण हद्दीच्या आत आहोत, तर 'इन'.

ह्यासाठी मला अजिंठ्याहून चांगलं उदाहरण अजून मिळालं नाही. 'द पेंटिंग्ज आर ऑन द वॉल्स, इन द केव्हज, ॲट अजिंठा.' चित्रं भिंतीला चिकटलेली आहेत म्हणून ऑन, भिंती लेण्याच्या आत आहेत म्हणून इन, आणि अजिंठा हे नकाशावरचं एक ठिकाण म्हणून ॲट. एका वाक्यात तिन्ही येतात आणि तिन्हींचं कारण डोळ्याला दिसतं. हे वाक्य पाठ करा, परीक्षेत गोंधळ झाला की हेच आठवा.

आता खरी मजा पुढं आहे. जागा तीच राहते आणि बघायची पद्धत बदलली की शब्द बदलतो. 'आय लिव्ह इन परभणी' म्हणताना परभणी हे गल्ल्या, बाजार, वस्त्या असलेलं अख्खं शहर आहे आणि मी त्याच्या आत राहतो. पण 'द ट्रेन स्टॉप्स ॲट परभणी' म्हणताना तीच परभणी रेल्वेच्या रस्त्यावरचा नुसता एक थांबा आहे, म्हणून ॲट. बऱ्याच पुस्तकांत 'मोठ्या शहराला इन, छोट्या गावाला ॲट' असा नियम छापलेला असतो, तो अर्धवट आहे. 'आय लिव्ह इन अ स्मॉल व्हिलेज' हेच बरोबर, गाव कितीही लहान असू द्या, राहणारा माणूस गावाच्या आतच राहतो. लोकसंख्येपेक्षा नजरेवर लक्ष ठेवा.

हॉस्पिटलचं तसंच आहे. ब्रिटिश इंग्रजीत 'माय ग्रँडफादर इज इन हॉस्पिटल' म्हणजे आजोबा ॲडमिट आहेत, मधी 'द' पण नाही. अमेरिकन लोक 'इन द हॉस्पिटल' म्हणतात. पण डबा घेऊन गेलेला नातू 'ॲट द हॉस्पिटल' असतो, तो त्या ठिकाणी आहे एवढंच सांगायचंय. शेताचं तर आपल्या लोकांना लगेच कळतं, कारण आपणपण शेतात काम करतो आणि शेतावर राहतो. 'दे आर वर्किंग इन द फील्ड', उभ्या पिकात, बांधांच्या आत, म्हणून इन. 'दे लिव्ह ऑन अ फार्म', घर, गोठा, विहीर असलेल्या जमिनीवर, म्हणून ऑन. एवढ्या एकाच ठिकाणी मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात, बाकी ठिकाणी भरवसा ठेवू नका.

पत्ता सांगताना क्रम असा लक्षात ठेवा. घर नंबर आला की ॲट, 'ॲट 12, औसा रोड'. नंबर नाही, नुसता रोड आहे, तर रोड म्हणजे रेघ, 'ऑन औसा रोड'. शहर, जिल्हा, राज्य, देश आला की 'इन लातूर', 'इन महाराष्ट्र'. 'स्ट्रीट' शब्दाला ब्रिटिश लोक 'इन' लावतात आणि अमेरिकन 'ऑन', दोन्ही बरोबर, त्यावरून भांडत बसू नका. कोपऱ्याचं मात्र नीट बघा: खोलीचा कोपरा आतून असतो, 'द कूलर इज इन द कॉर्नर ऑफ द रूम', रस्त्याचा कोपरा बाहेरून असतो, 'द टी स्टॉल इज ॲट द कॉर्नर', तिथं 'ऑन द कॉर्नर' पण चालतं, 'इन' चालत नाही.

फोन-पेपरचं पटकन सांगून टाकतो. ऑन द फोन, ऑन व्हॉट्सॲप, ऑन टीव्ही, ऑन द इंटरनेट, ऑन पेज 3, ऑन द लिस्ट. पण इन द न्यूजपेपर, इन द मेसेज, इन द फोटो, इन द ग्रुप. मजकुराच्या किंवा चित्राच्या आत काहीतरी असेल तर इन.

गोदावरीवर एक पूर्ण पान खर्च करा

एकाच गोष्टीभोवती सगळ्या प्रिपोझिशन फिरवायच्या असतील तर नदी घ्यावी, आणि आपल्याकडं गोदावरी आहेच. नांदेड आणि पैठण ही दोन्ही गावं नदीकाठी आहेत, आपण मराठीत 'गोदावरीच्या काठी' म्हणतो पण इंग्रजीत 'नांदेड इज ऑन द गोदावरी', कारण नदी ही नकाशावरची रेघ आणि गाव त्या रेघेला टेकलेलं. पाण्यात डुंबणारी पोरं 'इन द गोदावरी', पाणी त्यांच्या चारी बाजूंनी आहे. होडी 'ऑन द रिव्हर', ती पाण्यावर टेकलेली आहे. पूल 'ओव्हर द रिव्हर' किंवा 'अक्रॉस द रिव्हर', ओव्हरमध्ये वरून जाण्याचा भाव आहे, अक्रॉसमध्ये ह्या काठापासून त्या काठापर्यंतचा. जायकवाडीचं धरण नदीला आडवं बांधलेलं आहे, तिथं 'द डॅम वॉज बिल्ट अक्रॉस द गोदावरी ॲट पैठण' असं लिहा.

काठाकाठानं चालत गेलो तर 'वी वॉक्ड अलाँग द रिव्हर', नदीच्या लांबीच्या दिशेनं. काठावर नुसतं बसलो तर 'बाय द रिव्हर' किंवा 'बिसाइड द रिव्हर'. इथं एक सांगतो, 'बिसाइड' म्हणजे शेजारी आणि 'बिसाइड्स' म्हणजे त्याशिवाय, शेवटच्या एका 'स' मुळं अर्थ पार बदलतो आणि पेपर काढणाऱ्यांना ही जोडी लई आवडते. नदी मराठवाड्यातून वाहते म्हणजे 'थ्रू मराठवाडा', एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. शेवटी समुद्राला मिळते, 'इट फ्लोज इंटू द बे ऑफ बेंगॉल'.

त्या 'इंटू' वर थांबा जरा. 'इन' म्हणजे आधीच आत आहे, 'इंटू' म्हणजे बाहेरून आत गेला. 'ही इज इन द वॉटर' आणि 'ही जम्प्ड इंटू द वॉटर'. 'ऑन' आणि 'ऑन्टू' चं असंच, 'द कॅट इज ऑन द रूफ', 'द कॅट जम्प्ड ऑन्टू द रूफ'. प्रश्नात जम्प, रन, फॉल, थ्रो, वॉक असलं हालचालीचं क्रियापद दिसलं की आधी जागा बदलतीय का ते बघायचं आणि मग ठरवायचं.

पायरी 3: गाडीत बसायचं का गाडीवर

मराठीत आपण एसटीत बसतो, रेल्वेत बसतो, ऑटोत बसतो आणि गाडीवर म्हणजे बाईकवर बसतो. इंग्रजीत 'ऑन द बस', 'ऑन द ट्रेन', 'ऑन द प्लेन', पण 'इन द कार', 'इन द ऑटो', 'इन द जीप'. ओळखायची खूण सोपी आहे, ज्या वाहनात उभं राहून चार पावलं चालता येतं त्याला ऑन, ज्यात वाकून शिरावं लागतं आणि बसल्या जागेवरून हलता येत नाही त्याला इन. म्हणून देवगिरी एक्सप्रेसला ऑन आणि काळी-पिवळीला इन, मग काळी-पिवळीत कितीबी माणसं कोंबलेली असू द्या. बाईक, सायकल, घोडा ह्यांच्यावर पाय टाकून बसतो, तिथं ऑनच.

चढणं-उतरणंसुद्धा ह्याच हिशोबानं चालतं. बसला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ', कारला 'गेट इन' किंवा 'गेट इंटू' आणि 'गेट आउट ऑफ'. कशानं आलास एवढंच सांगायचं असेल तर 'बाय बस', 'बाय ट्रेन', मधी 'अ' किंवा 'द' टाकायचं नाही. पण ठराविक गाडी सांगितली की परत ऑन, 'आय केम ऑन द 8 ओ'क्लॉक बस'. पायी आलो तर 'ऑन फूट'.

पोचल्यावर काय? 'अराइव्ह' ला शहरासाठी 'इन' आणि ठिकाणासाठी 'ॲट' लागतं: 'वी अराइव्ह्ड इन नांदेड', 'वी अराइव्ह्ड ॲट द स्टेशन'. 'अराइव्ह टू' असं कधीच नसतं. आणि 'रीच' ला काहीच लागत नाही, 'वी रीच्ड नांदेड', 'रीच्ड टू नांदेड' हे आपल्या 'नांदेडला पोचलो' मधल्या 'ला' नं घुसवलेलं आहे.

पायरी 4: वेळेचं गणित

वेळेलासुद्धा तेच तीन शब्द, नजर तीच. घड्याळातला क्षण म्हणजे बिंदू, ॲट. दिवस किंवा तारीख आली की ऑन. महिना, वर्ष, ऋतू, दशक हे मोठे कप्पे, त्यांच्या आत घटना घडते, म्हणून इन. किल्लारीचा भूकंप मराठवाड्यात कुणाला सांगावा लागत नाही, त्याची वेळ आणि तारीख लोकांना तोंडपाठ आहे, तेच वाक्य घ्या: 'द अर्थक्वेक स्ट्रक किल्लारी ॲट 3.56 ए.एम. ऑन 30 सप्टेंबर 1993.' आता तारीख काढून नुसता महिना ठेवा, 'इन सप्टेंबर 1993', महिनाही काढा, 'इन 1993', अजून लांबून बघा, 'इन द 1990ज'. तारखेचा आकडा दिसला की ऑन आणि आकडा गेला की इन, ह्यात अपवाद नाही. मुक्तिसंग्राम दिनाचं करून बघा: ऑन 17 सप्टेंबर 1948, इन सप्टेंबर 1948, इन 1948. लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती 'इन एप्रिल 2016'.

दिवसाचे भाग मात्र थोडे तिरके आहेत. इन द मॉर्निंग, इन द आफ्टरनून, इन द इव्हनिंग, पण ॲट नाईट, ॲट नून, ॲट मिडनाईट. रात्रीला ॲट का, ह्याच्या मागं लागू नका, ते तसंच पाठ करायचं. 'इन द नाईट' असतं, पण ते एखाद्या ठराविक रात्री मधीच काहीतरी झालं तेव्हा, 'आय वोक अप इन द नाईट'. आता 'सकाळी' ला 'इन' पण 'सोमवारी सकाळी' ला काय? तिथं सोमवार जिंकतो, 'ऑन मंडे मॉर्निंग'. दिवसाचं नाव किंवा तारीख चिकटली की सकाळ-दुपार-संध्याकाळ सगळ्यांना ऑन: 'ऑन द मॉर्निंग ऑफ 17 सप्टेंबर', 'ऑन सॅटर्डे नाईट'.

सणांचंही असंच बघायचं. दिवाळीचे चार-पाच दिवस मिळून सांगायचे तर 'ॲट दिवाळी', त्यातला एक दिवस धरला तर ऑन, 'ऑन लक्ष्मीपूजन डे'. पोळा एकाच दिवसाचा, 'ऑन पोळा'. श्रावण महिना आहे, 'इन श्रावण'. पावसाळा, उन्हाळा, खरीप, रब्बी, सगळे इन. वीकेंडला ब्रिटिश 'ॲट', अमेरिकन 'ऑन'.

'इन', 'विदिन' आणि 'आफ्टर' ह्यांत लई गोंधळ होतो. बस दहा मिनिटांनी सुटणार, म्हणजे आत्तापासून मोजायचं, 'द बस विल लीव्ह इन टेन मिनिट्स'. दहा मिनिटांच्या आत कधीही सुटेल, 'विदिन टेन मिनिट्स'. आणि मागं घडून गेलेलं सांगताना, 'आफ्टर टेन मिनिट्स, द बस लेफ्ट'. पुढच्या वेळेसाठी आपण सवयीनं 'आफ्टर टेन मिनिट्स' म्हणतो, पेपरात तिथं 'इन' पर्याय असला की तोच घ्यायचा. ह्याच 'इन' चा अजून एक उपयोग म्हणजे लागलेला वेळ, 'शी सॉल्व्ह्ड द पेपर इन ॲन अवर'.

'ऑन टाइम' म्हणजे ठरलेल्या वेळेला, आधी नाही की नंतर नाही, 'द ट्रेन केम ऑन टाइम'. 'इन टाइम' म्हणजे उशीर व्हायच्या आत, 'शी रीच्ड द सेंटर इन टाइम फॉर द एक्झाम', गेट बंद व्हायच्या आधी पोचली. 'ॲट द एंड' च्या पुढं जवळजवळ नेहमी 'ऑफ' येतो, 'ॲट द एंड ऑफ द मंथ', 'ॲट द एंड ऑफ द रोड'. 'इन द एंड' म्हणजे शेवटी एकदाचं, 'इन द एंड, ही गॉट द जॉब'. रिकाम्या जागेनंतर 'ऑफ' दिसतोय का एवढं बघितलं तरी ही जोडी सुटते.

पायरी 5: 'पासून' आणि 'पर्यंत'

सगळ्यात जास्त मार्क इथं जातात असं माझं स्पष्ट मत आहे, त्यामुळं सावकाश वाचा. "मी पाच वर्षांपासून लातूरला राहतोय" ह्याचं 'आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स फाइव्ह इयर्स' असं भाषांतर अख्ख्या भारतात होतं आणि त्यात दोन चुका आहेत. 'पाच वर्षं' ही मोजलेली लांबी आहे, तिला 'फॉर' लागतं. 'सिन्स' ला सुरुवातीचा बिंदू लागतो, 2019, सोमवार, लहानपण, लग्न. आणि दोन्हीला, काम अजून चालू असेल तर, परफेक्ट टेन्स लागतो: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स', 'आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर सिन्स 2019'. मोजता येणारा आकडा आणि पुढं वर्षं, महिने, तास असं एकक असेल तर फॉर, कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येत असेल तर सिन्स.

मग 'फ्रॉम' कधी? जेव्हा सुरुवातीबरोबर शेवटही सांगायचा असतो किंवा आत्ताशी काही संबंध नसतो. 'ही वर्क्ड इन जालना फ्रॉम 2015 टू 2018.' 'द ऑफिस इज ओपन फ्रॉम 10 टू 6.' 'क्लासेस विल स्टार्ट फ्रॉम मंडे' हे आपल्याकडं सर्रास बोलतात, पण सुरू होणं हे एका क्षणाचं काम आहे, नीट इंग्रजीत 'विल स्टार्ट ऑन मंडे'.

'फॉर' चा अजून एक भाऊबंद आहे, 'ड्युअरिंग'. किती वेळ असं विचारलं तर फॉर, कधी किंवा कशाच्या दरम्यान असं विचारलं तर ड्युअरिंग. 'इट रेन्ड फॉर थ्री अवर्स', 'इट रेन्ड ड्युअरिंग द मॅच'.

'पर्यंत' चे दोन तुकडे करा. एक, काम त्या वेळेपर्यंत चालूच राहतं. दोन, काम त्या वेळेच्या आधी एकदा होऊन जातं. पहिल्याला 'अंटिल' किंवा 'टिल', दुसऱ्याला 'बाय'. 'मराठवाडा वॉज अंडर द निझाम अंटिल 1948', सत्ता तोपर्यंत सलग चालू होती. 'सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे', फॉर्म एकदाच भरायचाय, गुरुवारी भरला तरी चालतो. कसोटी अशी, क्रियापदाच्या आधी मनात 'सलग' हा शब्द लावून बघायचा, 'सलग वाट बघ' जमतं म्हणून 'वेट अंटिल फाइव्ह', 'सलग फॉर्म जमा कर' जमत नाही म्हणून 'बाय'. जागेचं 'पर्यंत' आलं, स्टँडपर्यंत चाललो, तर तिथं 'टू' किंवा 'ॲज फार ॲज', अंटिल हे वेळेचंच.

पायरी 6: समोर, खाली, मध्ये

बँकेसमोर गाडी लावली आणि बँकेसमोर हॉटेल आहे, मराठीत दोन्हीकडं 'समोर'. इंग्रजीत गाडी 'इन फ्रंट ऑफ द बँक', रस्त्याच्या ह्याच बाजूला, दाराशी. हॉटेल 'ऑपोझिट द बँक', रस्ता ओलांडून, तोंडाला तोंड. वर्गात पुढच्या बाकावरचा माझ्या 'इन फ्रंट ऑफ मी' बसलेला असतो, मला त्याची पाठ दिसते. मेसमध्ये टेबलाच्या पलीकडं बसलेला 'ऑपोझिट मी', त्याचा चेहरा दिसतो. आणि 'इन द फ्रंट ऑफ द बस' असं मधी 'द' आलं की बसच्या आतला पुढचा भाग.

'ओव्हर' आणि 'अबव्ह' पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात. पण झाकलं असेल किंवा ओलांडलं असेल तर ओव्हरच, 'शी पुट अ शॉल ओव्हर द चाइल्ड'. पातळी, तापमान, मोजपट्टी असेल तर अबव्ह, 'द टेम्परेचर इज अबव्ह 40 डिग्रीज', हे परभणीकरांना उन्हाळ्यात रोजच लागतं. माणसांच्या-वस्तूंच्या संख्येला, वयाला ओव्हर. खालच्या बाजूला ह्याचीच जोडी: झाकलेलं, सावलीतलं ते 'अंडर', 'अंडर द नीम ट्री', पातळीचं ते 'बिलो', 'बिलो झिरो'. वयाला अंडर, 'अंडर 18'.

'बिट्वीन दोघांत, अमंग अनेकांत' हे सगळ्यांना येतं, पण ते पुरेसं नाही. वेगवेगळी नावं घेऊन सांगितलं की तीन असू द्या की चार, बिट्वीनच येतं: 'द टॅलेंट इज डिव्हायडेड बिट्वीन लातूर, नांदेड अँड परभणी'. अमंग म्हणजे गर्दीत मिसळलेलं, नावं न घेता, 'अमंग द स्टुडंट्स'. परीक्षेत पर्याय निवडताना रिकाम्या जागेनंतर 'अँड' नं जोडलेली नावं आहेत का नुसतं एक अनेकवचनी नाम आहे, हे बघायचं.

पायरी 7: जिथं काहीच लागत नाही

लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी हे चार शब्द आले की इन, ऑन, ॲट तिघंही बाहेर. 'ऑन लास्ट मंडे' नाही, नुसतं 'लास्ट मंडे'. 'वी गो टू तुळजापूर एव्हरी ट्यूजडे', ऑन नको. टुडे, टुमॉरो, यस्टरडे पण असेच, 'टुमॉरो मॉर्निंग', 'यस्टरडे इव्हनिंग'. होम, हिअर, देअर, अब्रॉड ह्यांच्या आधी 'टू' येत नाही, 'गो होम', 'कम हिअर'. आणि एंटर, डिस्कस, रीच, काँटॅक्ट ही क्रियापदं सरळ कर्माला चिकटतात: 'एंटर द हॉल', 'डिस्कस द प्रॉब्लेम'.

पायरी 8: सराव कसा करायचा

नियम वाचून हे येत नाही, रोज थोडं लिहून येतं. रात्री झोपायच्या आधी दिवसभरात कुठं कुठं गेलात आणि किती वाजता, एवढंच इंग्रजीत लिहा, पाच-सहा वाक्यं बस झाली, आणि प्रत्येक प्रिपोझिशनखाली पेन्सिलनं कारण लिहा, ठिकाण, टेकलंय, आत, तारीख, लांबी. कारण लिहिता आलं नाही की तेवढं एकच दुसऱ्या दिवशी वर बघा. पेपर सोडवताना आधी पर्याय वाचू नका. आधी रिकाम्या जागेच्या पुढचा शब्द बघा, तो वेळ आहे का जागा, मग मागचं क्रियापद बघा, हालचाल आहे का, परफेक्ट टेन्स आहे का, आणि मगच पर्यायांकडं जा.

एक उतारा देतो, कागदानं खालची उत्तरं झाकून सोडवा.

माय अंकल लिव्ह्ज (1) अ फार्म निअर अंबाजोगाई. (2) सॅटर्डे मॉर्निंग वी लेफ्ट लातूर (3) 10 ओ'क्लॉक. वी वेअर (4) द बस (5) नियरली टू अवर्स. वी गॉट देअर जस्ट (6) टाइम फॉर लंच. (7) द आफ्टरनून वी सॅट (8) अ नीम ट्री. माय अंकल हॅज ग्रोन सोयाबीन देअर (9) 2010. ही आस्क्ड अस टू स्टे (10) मंडे, बट आय हॅड टू सबमिट अ फॉर्म (11) संडे इव्हनिंग. वी रीच्ड (12) लातूर लेट (13) नाईट.

उत्तरं: 1 ऑन, शेतावर राहतात. 2 ऑन, वार चिकटलाय. 3 ॲट, घड्याळ. 4 ऑन, उभं राहता येतं. 5 फॉर, मोजलेली लांबी. 6 इन, जेवणाच्या वेळेआधी पोचले, इथं 'ऑन' टाकलं असेल तर पायरी 4 परत वाचा. 7 इन, वार नाही. 8 अंडर, सावली. 9 सिन्स, हॅज ग्रोन दिसतंय आणि पुढं वर्ष आहे. 10 अंटिल, राहणं सलग चालतं. 11 बाय, फॉर्म एकदाच भरायचाय. 12 काहीच नाही, मागं 'रीच्ड' आहे. 13 ॲट, 'लेट' मधी आला तरी रात्र रात्रच राहते.